रोजनाम्यात आई गैरहजर होती

आधीच सांगून ठेवते, मी वकील-बिकील नाही. नागपुरात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे अकाउंट्स सांभाळते, जीएसटीच्या तारखा तोंडपाठ आहेत, पण जमीन महसूल अधिनियम नावाचं काही असतं हे २०२२ पर्यंत मला माहीतही नव्हतं. इथे जे लिहितेय ते आजीच्या जमिनीवर आईचं नाव लागावं म्हणून पावणेतीन वर्षं आईसोबत सरकारी बाकड्यांवर बसून कळलेलं आहे. गावाचं, तालुक्याचं, कोणाचंच नाव लिहिणार नाही, कारण मामा अजून मामाच आहे आणि त्याच्या सुना फोनवर सगळं वाचतात.

तर आजीच्या नावावर १ हेक्टर ६२ आर जमीन होती, म्हणजे चार एकर, संत्र्याची. नागपूरपासून बसने पावणेदोन तास. आजी गेली नोव्हेंबर २०२१ मध्ये. मागे तीन लेकरं, मामा, आई अन् मावशी. जमीन मामाच वाहतो, आधीपासून, आणि आईने त्यातलं कधी काही मागितलं नाही हेही खरंच आहे. दरवर्षी आंबिया बहाराची एक बोरी संत्री यायची मामाकडून, तेवढ्यात तिचं माहेर भागायचं.

२०२२ च्या जूनमध्ये ऑफिसातल्या एका पोराला त्याच्या गावचा सातबारा मोबाईलवर काढून देत होते. त्याचं झालं, मग सहज 'आपली चावडी' ही सरकारी साइट उघडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गावात फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या कागदावरचं नाव बदलण्याची, नोंद घेतली की तिची नोटीस तिथे दिसते, कोणालाही, लॉगिन-बिगिन लागत नाही. आमच्या गावाचं नाव टाकलं. नोंदीचा प्रकार वारस, खातेदार आजी. नोटीस उघडली तर वारस म्हणून मामा, एकटाच. आणि खाली हरकत घ्यायची शेवटची तारीख, नऊ दिवसांवर.

आईला दाखवलं तर ती म्हणे, "राहू दे वं, पोट्टे मोठे झाले त्याचे, त्याले लागते." मावशीला फोन केला तर मावशी भडकली. ती अमरावतीला असते, भाड्याच्या घरात, काका गेलेले. "तुह्या आईले नसन पाहिजे, मले पाहिजे," असं म्हणाली आणि मग आईही गप्प झाली. बहिणीसाठी भावाशी भांडायचं की भावासाठी बहिणीला सोडायचं हे तिचं तिनेच रात्रभरात ठरवलं असेल, सकाळी मला म्हणाली लिही काय लिहायचं ते.

मी गुगल करून साध्या कागदावर हरकत लिहिली. आजी विधवा होती, जमीन तिच्याच नावावर होती, हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मुलगा आणि मुली सारख्याच वारस, आम्हाला विचारलेलं नाही, नोंद मंजूर करू नये. दोन सह्या, आई आणि मावशी. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात) नेऊन दिली आणि झेरॉक्सवर पोच मागितली. त्याने आधी टाळाटाळ केली, मग गोल शिक्का मारून तारीख टाकून सही केली. आईचा नागपूरचा पत्ता त्या अर्जात वर ठळक लिहिलेला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हरकत आली की नोंद तक्रारी नोंदवहीत जाते, तलाठ्याच्या हातात राहत नाही, तलाठ्याच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्याने दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यायचा असतो. आम्हाला तारीख मिळाली जुलैची. तो जुलै कसा होता ते विदर्भातल्या लोकांना आठवत असेल, आभाळ फाटलं होतं, नाले रस्त्यावर. मोर भवनवरून पहाटेची बस पकडली, आईने साडी गुडघ्यापर्यंत वर धरून बसस्टँड ते ऑफिस पार केलं. साडेदहाला पोचलो. साहेब नाहीत. अतिवृष्टीच्या पंचनाम्याला गेलेत, येतील. व्हरांड्यात एक बाकडं होतं, त्याचा एक पाय विटेवर. तिथे आम्ही साडेतीनपर्यंत बसलो. कोतवालाने दोनदा चहा पाजला, चांगला माणूस. मामा बारा वाजता आला, आत गेला, पाच मिनिटांत बाहेर आला, आईकडे बघून न बघितल्यासारखं करून गाडीला किक मारून गेला.

साडेतीनला आतला क्लार्क म्हणाला, "आई, जा आता तुम्ही, साहेब काही येत नाही आज, पुढची तारीख कळवू." मी विचारलं, "भाऊ, आम्ही आलो होतो म्हणून सही कुठे करायची?" तो हसला, "साहेबच नाही तं सही कायच्यावर घेऊ?" मला ते पटलं. खरं सांगते, अगदी पटलं, साहेब नाहीत म्हणजे सुनावणी नाही, सुनावणी नाही म्हणजे सही कशाला. निघालो.

मग काहीच आलं नाही. ऑगस्ट गेला, पोळा, गणपती, नवरात्र. ऑक्टोबरमध्ये मी १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला तर आजीच्या नावाला कंस झालेला, आणि खाली मामाचं नाव. सातबाऱ्यावर माणूस पुसत नाहीत, कंसात टाकतात. आई बराच वेळ तो कंसच बघत होती.

लगेच नकलेचा अर्ज केला, आदेश, रोजनामा, नोटिशीची तामील, सगळ्याची. अपिलाला ६० दिवस असतात पण नक्कल मिळायला जेवढे दिवस लागतात ते त्यातून वजा होतात, त्यामुळे नकलेच्या अर्जाची तारीख आणि नक्कल हातात पडल्याची तारीख दोन्ही जपून ठेवायच्या. आम्हाला तीन आठवडे लागले.

आदेश सात ओळींचा. त्यातल्या चार ओळी गाव, गट नंबर आणि नावं यातच गेलेल्या. उरलेल्या तीन ओळींत एवढंच, हरकतदारांना नोटीस देऊनही त्या गैरहजर, अर्जदाराने संमतीपत्र सादर केले, सबब हरकत फेटाळून नोंद प्रमाणित करण्यात येते. आमची हरकत काय होती, ती का चूक, संमतीपत्र कसलं, कधीचं, एक अक्षर नाही.

रोजनामा मी बसमध्ये वाचला. रोजनामा म्हणजे त्या प्रकरणाची डायरी समजा, कोणत्या तारखेला काय झालं, कोण आलं, पुढची तारीख कोणती. जुलैच्या त्या दिवशी, ज्या दिवशी आम्ही पाच तास विटेवरच्या बाकड्यावर बसलो होतो, त्या दिवसासमोर लिहिलं होतं, अर्जदार हजर, हरकतदार गैरहजर. मामाची सही होती. म्हणजे साहेब नसताना सही घ्यायला कागद होता. पुढची तारीख ऑगस्टमधली, त्यासमोर, नोटीस तामील, हरकतदार पुन्हा गैरहजर, आदेशासाठी बंद.

आणि नोटीस कुठे तामील झाली तर गावी. आईचा पत्ता म्हणून मामाचं घर टाकलेलं. घेणाऱ्याची सही, भाचा. आईच्या लग्नाला ४१ वर्षं झाली, अर्जावर नागपूरचा पत्ता ठळक, पण वारसांच्या यादीत सगळ्यांचा पत्ता गावचाच टाकायची पद्धत असणार, एकाखाली एक, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. मला आजही वाटतं त्यात कोणाचा कट-बिट नव्हता, आळस होता. पण आळसाने आई तिच्या माहेरीच राहत होती असं रेकॉर्डवर आलं आणि माहेरच्यांनीच तिची नोटीस घेतली.

संमतीपत्र सगळ्यात शेवटी वाचलं. शंभराचा स्टॅम्प, २०१९ चा, नोटरीचा शिक्का, "भावाचे नाव लागण्यास आमची हरकत नाही". खाली आईची सही. मी म्हटलं खोटी असेल. आईने कागद चष्म्याजवळ नेला अन् म्हणाली, "माहीच आहे." पीककर्जाला लागते म्हणून मामाने दोघींच्याही सह्या घेतल्या होत्या, रक्षाबंधनाला आल्या होत्या तेव्हा. मावशीला आठवतही नव्हतं.

इथे मी एक मूर्खपणा करणार होते तो सांगते. मला वाटलं चूक त्या साहेबांची आहे तर त्यांनाच सांगू, साहेब तुम्ही चुकलात, बदला. नेटवर 'पुनर्विलोकन' असा शब्द सापडला, अर्जही टाइप केला. सिव्हिल लाइन्समध्ये बसणारे एक वकील ओळखीतून मिळाले, म्हातारे, खिशाला चार पेन, त्यांनी माझा अर्ज वाचून बाजूला ठेवला आणि पाठकोऱ्या कागदावर तीन शब्द लिहिले, अपील, पुनरीक्षण, पुनर्विलोकन. "मॅडम, हे तीन वेगळे दरवाजे आहेत." अपील म्हणजे वरच्याकडे, जमीन महसूल अधिनियमाचं कलम २४७, तो सगळं उघडून बघू शकतो, रद्द करू शकतो, बदलू शकतो, फेरचौकशीला परत पाठवू शकतो. पुनरीक्षण म्हणजे कलम २५७, वरचा अधिकारी खालचं रेकॉर्ड मागवून बघतो की काम कायद्याने झालं का, रीतसर झालं का. आणि पुनर्विलोकन, कलम २५८, म्हणजे त्याच खुर्चीने स्वतःचा आदेश परत बघणं, ते फक्त नवा पुरावा सापडला, आदेशात उघड दिसणारी चूक असली किंवा तसंच पुरेसं कारण असलं तरच, आणि खालच्या अधिकाऱ्याला तर त्यासाठी वरच्याची लेखी परवानगी लागते. "तुम्ही या दरवाज्यावर डोकं आपटत बसाल, तिकडे साठ दिवस निघून जातील." अर्ज तिथेच फाडला.

मी विचारलं घाई काय आहे, सातबाऱ्याने काही मालकी ठरत नाही असं मी वाचलंय. ते म्हणाले बरोबर वाचलंय, नोंद महसुलासाठी असते, मालकीचा वाद दिवाणी कोर्टात. पण कलम १५७ आहे ना, नोंद झाली की उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात. उद्या भावाने बँकेत गहाण टाकली, विकली, तर घेणारा सातबाराच बघेल. आणि मग एक वाक्य म्हणाले ते मी डायरीत लिहून ठेवलं, "अपिलात साहेब तुमची जमीन नाही पाहत, फाईल पाहते. फाईलीत नाही ते झालंच नाही."

नोव्हेंबर २०२२ मध्ये एसडीओंकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील टाकलं, सोबत स्थगितीचा अर्ज. स्थगिती मिळायला दोन तारखा गेल्या पण मिळाली, निकाल लागेपर्यंत जैसे थे. मग तारखा सुरू. एकूण सात झाल्या, त्यातल्या चारांचं सांगण्यासारखं काही नाही, साहेब मीटिंगला, साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सला, समोरचे वकील नाहीत, खालचं रेकॉर्ड आलं नाही. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, मी आदल्या रात्री ई-क्यूजे कोर्ट या महसुली सुनावण्यांच्या साइटवर बघायची, नंबर दिसायचा, पण नंबर दिसला म्हणजे साहेब दिसतील असं नाही.

त्या तारखांना सगळ्यात अवघड काय होतं तर बाकडं. एकच बाकडं. एका टोकाला आई अन् मावशी, दुसऱ्या टोकाला मामा अन् त्याचा मोठा. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा कायम रिकामी, कितीही गर्दी असली तरी, लोकांना कळतं बहुतेक. चौथ्या तारखेला मामाने समोर बघतच विचारलं, "बीपीची गोळी घेतली का?" आई म्हणाली, "हो." त्याच्या वकिलाने येऊन त्याला उठवून दुसरीकडे नेलं. त्या वर्षी संत्र्याची बोरी आली नाही.

सुनावणी झाली ती पाचव्या तारखेला, आणि झाली किती तर मोबाईलवर बघितलं, चार मिनिटं. मी घरी अर्ध्या तासाच्या भाषणाची तयारी केली होती, आजीचं शेवटचं आजारपण, आईने केलेली सेवा, दवाखान्याची बिलं. वकीलसाहेबांनी त्यातलं काही काढलंच नाही. तीनच मुद्दे. नोटीस भलत्या पत्त्यावर गेली, हरकत अर्जावर पत्ता होता, ही पोच. आदेशात कारणं नाहीत. आणि संमतीपत्र नोंदणीकृत नाही, त्यावर २०१९ ची तारीख, आजी गेली २०२१ मध्ये, म्हणजे सही झाली त्या दिवशी या मुलींना हक्कच नव्हता, जो नव्हता तो सोडला कसा?

मजा अशी की मधल्या काळात खालच्या ऑफिसातून एक खुलासा आला होता, दोन पानी, छान टाइप केलेला. संमतीपत्राची खात्री केली, गावात विचारपूस केली, बहिणी लग्न होऊन गेलेल्या असून कसत नाहीत असं आढळलं, वगैरे. सात ओळींच्या आदेशात नव्हतं ते सगळं यात होतं. समोरच्या वकिलांनी तोच वाचायला घेतला. आमचे वकील शांतपणे म्हणाले, साहेब, मोहिंदरसिंग गिल, सुप्रीम कोर्ट, आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच उभा राहतो नाहीतर पडतो, नंतर प्रतिज्ञापत्राने कारणं चिकटवता येत नाहीत. मी नंतर शोधून वाचलं, निवडणूक आयोगाविरुद्धचं प्रकरण आहे ते, निकाल डिसेंबर १९७७ चा. पंजाबातल्या निवडणुकीवरून झालेल्या भांडणातलं वाक्य आमच्या चार एकरांच्या कामी आलं, बाप्पा! साहेबांनी मान वर करून पहिल्यांदा आमच्याकडे बघितलं. पुढच्या दोन तारखा लेखी युक्तिवादात गेल्या अन् प्रकरण निकालावर ठेवलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये आदेश आला. अपील अंशतः मान्य, मंडळ अधिकाऱ्यांचा आदेश रद्द, दोन्ही पक्षांना योग्य पत्त्यावर नोटीस देऊन, म्हणणं ऐकून, सकारण आदेश पारित करावा, प्रकरण फेरचौकशीसाठी परत. मी दोनदा वाचलं. आईने विचारलं, "मंग जिंकलो का आपण?" मी म्हटलं हो. "मंग नाव लागलं?" नाही. "मंग?" मंग परत त्याच व्हरांड्यात जायचं. ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच तिला सात वेळा बसने नेऊन फसवलं.

मला त्या दिवशी फार राग आला होता. एवढं सगळं समोर असताना साहेबांनीच का नाही लिहून टाकलं तिघांची नावं लावा म्हणून. वकीलसाहेब म्हणे, लिहू शकले असते, कायद्यात तसा अधिकार आहे, पण तुमची तक्रारच अशी होती ना की आम्हाला ऐकलं नाही. ज्याने ऐकलं नाही त्याला सांगितलं ऐक. आणि उद्या तुमचा भाऊ म्हणेल मला पुरावा द्यायचा होता, मला कोणी ऐकलं? हे म्हणणं पटायला मला बरेच महिने लागले आणि अजूनही निम्मंच पटलंय, कारण बसचं तिकीट त्यांना काढावं लागत नाही.

मामाने त्यावर दुसरं अपील केलं, अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आता नागपुरातच, सिव्हिल लाइन्सला. आम्हाला बरं झालं, त्यांना बस. आकाशवाणी चौकात उतरून आत चालत जायचं, आई आता सराईत झाली होती, पिशवीत पाण्याची बाटली, कांदा, फाईल आणि एक चादर, बाकडं तापलं असेल तर टाकायला. तिथेही मधे लोकसभा आली, १९ एप्रिल २०२४ ला नागपूरचं मतदान, त्याच्या आधीचे दोन महिने सगळे निवडणुकीच्या कामाला, तारखा आपोआप पुढे. मे महिन्यात एक तारीख लागली, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, कूलरसमोर दोन्ही पार्ट्या एकत्र उभ्या. मावशीने मामाच्या मोठ्याला पाण्याची बाटली दिली. त्याने घेतली.

जुलै २०२४ मध्ये ते अपील फेटाळलं. दीड पानच होतं पण मला तो आदेश आवडला होता, कारण त्यात एक साधी गोष्ट नीट लिहिलेली, की खालच्या आदेशाने कोणाचा हक्क अजून ठरवलेलाच नाही, फक्त ऐका म्हटलंय, मग ऐकून घेण्याने अपीलदाराचं नुकसान काय? मामाच्या वकिलाकडे त्याला उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नसतं.

तर परत व्हरांडा. आता मधे अडीच वर्षं गेलेली, बाकड्याला नवा पाय बसवलेला, मंडळ अधिकारी नव्या, बाई, माझ्याच वयाच्या असतील. नोटीस यावेळी नागपूरला आली, रजिस्टर एडीने. दोनदा आली, विधानसभेमुळे पहिली तारीख पुढे गेली म्हणून. डिसेंबरमध्ये गेलो.

बाईंनी पहिल्यांदा काही न बोलता फाईल वाचली, आम्हाला समोर बसवून, पंधरा-वीस मिनिटं. मग संमतीपत्र काढून आईपुढे ठेवलं. "मावशी, ही सही तुमची आहे का?"

आता वकीलसाहेबांनी सांगितलं होतं की आधी एवढंच म्हणा, मला कशावर सही घेतली हे सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, "हो, माहीच आहे." खोली गप्प. मामा खाली बघत होता. "कशासाठी केली होती?" "त्यानं म्हटलं कर्जाले लागते. भावानं म्हटल्यावर वाचते का कोणी?" बाईंनी मामाला विचारलं, खरं आहे का? तो म्हणाला कर्जालाही लागतच होती ना. क्लार्कने ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मग वकिलांचं झालं, आजी हयात असताना वारसाच्या नुसत्या आशेला हक्क म्हणत नाहीत, आणि नंतर सोडायचा तर हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं, नोटरीचं चालत नाही. मामाचं म्हणणंही ऐकलं, पूर्ण, की झाडं त्याने लावली, विहीर त्याने खोदली, दोनदा डिंक्या रोगाने बाग गेली तेव्हा कोणी आलं नाही. आई मान हलवत होती, जणू काही तिच्याच बाजूचं कोणी बोलून राहिलं.

शेवटी रोजनामा सहीला आला. आईने चष्मा पुसला, कागद ओढून घेतला आणि वाचायला लागली. बोट ठेवून, ओळीवर ओळ. मागे तीन प्रकरणं थांबलेली, क्लार्क म्हणाला, "आई, ते नेहमीचंच असते." आई म्हणाली, "असू दे, लागू दे वेळ." हजर हा शब्द सापडला तेव्हा बोट तिथे थांबलं, मग सही केली.

फेब्रुवारी २०२५ चा आदेश साडेतीन पानांचा. त्यात अर्जदाराचे म्हणणे, हरकतदारांचे म्हणणे, सादर कागदपत्रे, मुद्दे, कारणे, असं सगळं. मामाच्या विहिरीचा आणि झाडांचाही उल्लेख आहे, त्याचा विचार या कार्यवाहीत करता येत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला आहे, असं लिहून. मामाने तो परिच्छेद घरी सगळ्यांना वाचून दाखवला म्हणे. तिन्ही वारसांची नावं घेण्याचा आदेश. साठ दिवस आम्ही श्वास धरून होतो, त्याने अपील केलं नाही.

पंधरा रुपये भरून परत सातबारा काढला. मामाचं एकट्याचं नाव कंसात, खाली तीन नावं. मामाच्या नावात वल्द अन् आजोबांचं नाव. आईच्या नावापुढे जौजे, म्हणजे बायको, अन् बाबांचं नाव. आई म्हणाली, "बापाची जागा अन् बापाचंच नाव नाही व्हय." मी म्हटलं त्यासाठी परत अर्ज करू का, तर तिने फोन माझ्या हातात कोंबला.

आता मावशीला वाटप करून हवंय, मोजणी, ५४-५४ आर वेगळे. आई म्हणते बांध नको घालू, झाडं मधून कापावी लागतील. मामा म्हणतो विहिरीचं काय ते आधी बोला. तिघं रविवारी फोनवर बोलतात, कॉन्फरन्स मीच लावून देते, दर वेळी भांडण होतं अन् कोणी फोन ठेवत नाही. नोव्हेंबरमध्ये बोरी आली, बसच्या कंडक्टरकडून. चिठ्ठीवर पूर्ण पत्ता लिहिला होता, गल्ली, घर नंबर, पिनकोडसकट.